तुळशीराम काकांची बोटरी

मासोळीचे वाटे पडायचे तेव्हा तुळशीराम काका त्यांच्याकडे पाठ करून बसायचे. तलावाच्या पाळीवर एका रांगेत सारखे वाटे मांडलेले असत. कोणीतरी एकेका वाट्याला बोट लावून विचारायचं, "हा कोनाचा?" आणि काका मागे न पाहता नाव घ्यायचे. जाळं ओढायला आलेल्यांचं नाव, आजारी म्हणून घरी राहिलेल्याचं नाव, नवरा गेलेल्या बाईचंही नाव. ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीचे ते सचिव होते, पण मोठी मरळ सचिवाच्या वाट्याला आलेली मी तरी कधी पाहिली नाही.

मी आसगावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. पेपर वाचायला पुष्कळ लोक येतात, वाचून झाल्यावर तो जागेवर ठेवणारे काका एकटेच होते. एकदा त्यांनी माशांवरचं जाडजूड पुस्तक मागितलं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "सारे समुद्रातले हायेत वो बाई. आपल्या तलावातलं यात कोनीच नाई."

मग मी त्यांना संगणकावर विकी दाखवला. सगळ्यांनी मिळून लिहायचा ज्ञानकोश, कोणीही लिहावं, कोणीही सुधारावं.

"कोनीबी? मीबी?"

"तुम्हीपण."

खुर्ची पुढे ओढून ते म्हणाले, "तं पयले बोटरी लिहा."

बोटरी म्हणजे बोटाएवढी, अंगावर पट्टे असलेली, तळाच्या चिखलात राहणारी मासोळी. काकांच्या लहानपणी ती ओंजळीनं मिळायची. तलावात मोठ्या माशांचं बीज सोडायला लागले आणि ती कमी होत गेली. आता वर्षाकाठी एखादी दिसायची, आणि दिसली की काका ती पाण्यात परत सोडायचे. ती काय खाते, कुठे लपते, अंडी कधी घालते, सगळं त्यांना ठाऊक होतं. पण आपणहून सांगत सुटायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "कोनी इचारलं तं सांगीन ना," म्हणायचे. "पन कोनी इचारतच नाई."

मी म्हटलं, "काका, आधी खातं उघडू. तुमच्या नावाचं एक पान तयार होतं. कोणाला काही विचारायचं असलं की त्या पानावर विचारतात. तुमचं लिहिलेलं कोणी बदललं तर तुम्हाला कळतं. बोटरीचा फोटोही चढवता येईल."

"हाव, खोला. पन सोसायटीच्या नावानं खोला."

आणि मी शहाणीनं उघडलं! सोसायटीचं सगळंच सगळ्यांचं, म्हणून काकांनी पासवर्ड खडूनं कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवला. महिनाभर सात-आठ जण त्या एका नावानं लिहीत होते. एकानं लिहिलं की मरळ स्वतःची पिल्लं खाते, दुसऱ्यानं ते खोडलं, पहिल्यानं पुन्हा लिहिलं. एकच नाव स्वतःशीच भांडत होतं! शेवटी तिथं देखरेख करणाऱ्या प्रचालकांनी सभ्य भाषेत कळवलं की खातं एका माणसाचं असावं लागतं, अनेकांनी मिळून चालवता येत नाही, म्हणून हे बंद करतो आहोत. काकांच्या ते फार जिव्हारी लागलं. तुमचं स्वतःचं खातं काढू या, असं मी दहादा सांगून पाहिलं.

"मासोळी का मी एकट्यानं धरली वो बाई? मंग नाव एकट्याचं कायले?"

"मग लिहा निनावी!" मी चिडून म्हटलं.

"हाव, तसंच लिहू." त्यांना त्यात काही टोमणा असेल असं वाटलंच नाही.

झालं! दर बाजाराच्या दिवशी काका यायचे, समोर बसून सांगायचे, आणि मी माझ्या मोबाइलवर टाइप करायची. खात्याशिवाय लिहिलं की नावाच्या जागी नुसता आकडा येतो, आणि मोबाइलवर तो आकडा दर थोड्या दिवसांनी बदलतो. मला हे माहीत होतं, पण वाद घालून मी थकले होते. आज वाटतं, आणखी थोडं भांडायला पाहिजे होतं.

बोटरीबद्दल काकांनी सांगितलेलं पानभर मी लिहिलं. आठवड्याभरात ते कोणीतरी काढून टाकलं, कारण दिलं होतं 'संदर्भ नाही'. आम्ही पुन्हा लिहिलं, पुन्हा निघालं. काका कोणावर रागावले नाहीत. वाचनालयाच्या पायऱ्या चढताना एवढंच विचारायचे, "कोनी काही इचारलं का?" मी मोबाइल उघडायची, बघायची आणि सांगायची, "नाही काका, कोणी नाही." तिसऱ्यांदा मजकूर निघाला तेव्हा ते म्हणाले, "जाऊ द्या बाई. कोनाले गरज नाई, तं आपन कायले डोकं खाऊन राहिलो त्यायचं?" त्यानंतर ते फक्त पेपर वाचायला यायचे.

मागच्या थंडीत त्यांचा दम वाढला. भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेले तर कारध्याला दिलेली त्यांची लेक सुनीता आणि त्यांची बायको सकूबाई, दोघी पायथ्याशी बसलेल्या. काका वाळून गेले होते. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी जुनाच विषय काढला. म्हटलं, "काका, नाव काही मिरवायलाच नसतं. चुकलं तर जाब कोणाला विचारायचा, अडलं तर हाक कोणाला मारायची, त्यासाठी असतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असं काहून नाई सांगतलं पयलेच?"

तिथेच, खाटेशेजारी उभ्याउभ्या मी त्यांच्या नावानं खातं उघडलं. नवीन माणसाला येतो तसा स्वागताचा निरोप लगेच आला. तो आपोआप येतो, पण मी ते बोलले नाही. काकांनी तो दोनदा वाचून घेतला. "मले 'आपन' म्हनते हे," असं सकूबाईंना सांगून लाजल्यासारखे हसले. मग बोटरी पहिल्यापासून सांगायला लागले. तीन ओळी झाल्या आणि दम लागला. म्हणाले, "बाकीचं घरी गेल्यावर."

चौथ्या दिवशी ते गेले. गावात असं माणूस आता नाही, आणि हे मी रीत म्हणून लिहीत नाही. अजून मी पेपर आवरायला लागते आणि रडू येतं.

तेरवी झाल्यावर सुनीता म्हणाली, "बाई, बाबांनी लिहिलेलं दाखवा ना मले." त्यांच्या नावाखाली त्या तीन ओळी होत्या. मी म्हटलं, एवढंच नाही, याआधीही ते लिहीत होते. मी लेखाचा इतिहास उघडला. तिथे नुसते आकडे. तारखांवरून ओळखून मी सांगत गेले, हे तुझ्या बाबांचं, हेही. दाखवता दाखवता एका आकड्यावर बोट पडलं आणि त्या आकड्याच्या नावाचं, मी कधीच न पाहिलेलं एक पान उघडलं. त्यावर एक निरोप होता.

"संदर्भाअभावी आपला मजकूर काढावा लागला, पण माहिती फार मोलाची आहे. मी मासेच शिकवतो. आपण कोण, कुठले? भेटायला येऊ का?"

मी बाकीचे आकडेही उघडत गेले. दुसऱ्या आकड्याखाली त्याच माणसानं लिहिलं होतं, "मागचं उत्तर मिळालं नाही. आपणच ते असाल असं धरून विचारतो. बोटरी अंडी कोणत्या दिवसांत घालते? हे कुठेच लिहिलेलं नाही." तिसऱ्याखाली होतं, "आपल्याला त्रास होत असावा. क्षमा करा, पुन्हा विचारणार नाही."

मी दर वेळी त्या दिवशीच्या नव्या आकड्यावर बघत होते. निरोप जुन्यावर पडून होते.

सुनीतानं तिन्ही निरोप आईला वाचून दाखवले. सकूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे कवाचं हाय?"

"मागच्या पावसाळ्यातलं."

"मंग कोनी इचारलं नाई म्हून काहून सांगतलं वो बाई तुमी त्यायले?"

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्या खरंच विचारत होत्या.

बोटरी अंडी कधी घालते हे मी त्यांना विचारलं, सोसायटीत सगळ्यांना विचारलं. कोणी म्हणालं आषाढ, कोणी म्हणालं भादवा. खात्रीनं कोणालाच सांगता येईना. घरी येऊन मी माझ्या स्वतःच्या नावानं खातं उघडलं आणि तिसऱ्या निरोपाखाली लिहिलं: 'ते तुळशीराम काका होते. तुमच्या विचारण्याचीच वाट पाहत होते. निरोप पोचला नाही, ही चूक माझी.'