मसाल्याच्या फळीवरची पूड

आमच्या घरात औषधांची जागा ठरलेली होती : कपाटाचा वरचा कप्पा. तिथे असेल ते औषध, स्वयंपाकघरातल्या फळीवर असेल ते खाणे. ही वर्गवारी आईची होती आणि तिला अपवाद मान्य नव्हते.

नव्वदच्या दशकात आम्ही गिरगावातून मीरा रोडला आलो. घर चौथ्या मजल्यावर. इमारतीत लिफ्टची जागा होती, लिफ्ट यायची होती. वर्षभरात आईचे गुडघे कुरकुरू लागले. शेजारच्या गुजराती बेननी कॉफीच्या जुन्या बाटलीतून एक तपकिरी पूड आणून दिली. "जडीबुटी है, नुकसान का सवाल ही नहीं," असे त्यांनी सांगितले. बाटलीवर ना नाव, ना घटक. आईने ती हळद आणि ओव्याच्या मधे ठेवली आणि रोज दोन वेळा चमचाभर घेऊ लागली. मी तेव्हा जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि यकृताच्या कार्यावर जेवणाच्या ताटावर, कोणी विचारलेले नसताना, व्याख्याने देत असे. त्या बाटलीला रोज बाजूला सारून मी ओवा काढत असे.

तीन महिन्यांनी आईचे डोळे पिवळे झाले. अन्न नकोसे झाले, अंगाला खाज सुटली. डॉक्टरांचा संशय टँकरच्या पाण्यावर होता. पण काविळीच्या विषाणूंच्या तपासण्यांत काही सापडले नाही, आणि यकृताच्या तपासणीतला एसजीपीटीचा आकडा मात्र दर आठवड्याला चढत गेला. औषधे कोणती चालू आहेत, असे त्यांनी विचारले. आईने प्रामाणिकपणे सांगितले, एकही नाही. मीही मान डोलावली. आकडा असाच चढला तर रुग्णालयात दाखल करावे लागेल, यकृत निकामी होऊ शकते, असे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितले.

त्या संध्याकाळी मी तक्ता आखला : बाबा, आई, मी; कोण काय खाते, काय पिते. पाणी तेच, पोळ्या त्याच, मासळीही तीच. आई शेजारी उभी राहून पेल्यात चमचा फिरवत होती.

"आम्ही घेत नाही आणि तू घेतेस, असं काय आहे?"

"काही नाही गं."

मी चमच्याकडे पाहिले. "आणि हे?"

"हे औषध थोडंच आहे? फळीवरचं आहे."

अशक्तपणा आला म्हणून तिने ती पूड दिवसातून दोनदाऐवजी तीनदा घ्यायला सुरुवात केली होती.

मी नेलेली बाटली डॉक्टरांनी हुंगली, त्यात काय आहे हे सांगता येणार नाही म्हणाले, आणि पूड त्याच दिवशी बंद करायला लावली. आकडा उतरू लागला. दोन महिन्यांनी डोळे पांढरे झाले. बेन थोडे दिवस रुसल्या. मग त्यांनीही आपले रक्त गुपचूप तपासून घेतले, म्हणजे निदान त्यांना ते गुपचूप वाटले.

तेव्हापासून आई साध्या सर्दीसाठीही दवाखान्यात पिशवी घेऊन जाऊ लागली : हिंग, ओवा, आमसुले. डॉक्टर तिला पाहताच टेबल मोकळे करत. एकदा मी बरोबर असताना त्यांनी आईला विचारले, गोडा मसाला कशासाठी?

"तुम्हीच विचारता ना, काय काय घेता म्हणून. आता हिला विचारा. हिची तिसरी जागा आहे, पर्स."

परीक्षेच्या दिवसांत स्मरणशक्तीसाठी मी ज्या गोळ्या घेत होते, त्या वनस्पतिजन्य होत्या. मी पर्समधून त्यांची डबी काढून गोड्या मसाल्याशेजारी ठेवली.