गारवा टिकेल तोवर

हैदराबादहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच म्हणाला. महिना झाला आता, पण माझा धाकटा भाऊ मिलिंद गेला हे अजून खरं वाटत नाही बघा...

दुष्काळ सरल्यावर आमच्या अणदूरकडं दूध सोसायटी निघाली. वीज रात्री यायची, दिवसा गुल. मग रात्री टाकीत बर्फ धरायचा नि दिवसा त्याच्यावर दूध गार ठेवायचं. कॉलेजच्या सुट्टीत मिलिंद तिथं कामाला. घरी येऊन सांगायचा, "अक्का, दिसभर लाईट न्हवती, तरी दूध नासलं न्हाय!" जणू ह्यानंच म्हशी पिळल्यात!

पुढं तो हैदराबादच्या प्रयोगशाळेत लागला. तिथं एक तार होती. भयंकर गार ठेवली की तिच्यातून वीज जराही न सांडता वाहते म्हणे. पण गार करणारं यंत्र बंद पडलं की खेळ खलास. म्हणून हा त्या तारेच्या वेटोळ्याभोवती नायट्रोजन, आपल्या हवेतलाच वायू, दगडासारखा गोठवायचा. मग यंत्र थांबलं तरी तो गोळा येईल ती ऊब पोटात घ्यायचा आणि तार गारच राहायची. किती वेळ, तेच तर ह्याला बघायचं असायचं.

आणि तेवढ्या वेळात तो गावी यायचा! यंत्र बंद करायचा, आकडे टिपायला जोडीदार बसवायचा, गाडी धरून नळदुर्गाला उतरायचा. गारवा संपताना मात्र ह्याला तिथं हजर असावंच लागायचं. जेमतेम एक मुक्काम. आई भाकरी थापत विचारायची, "किती दिस हायस रं?"

"गोळा हाय तोवर."

"मग येड्या, मोठा कर की गोळा!"

तो हसत सुटायचा. "आये, मोठा गोठवायलाबी लई दिस लागत्यात. ते कुठनं आणू?"

आई त्याची वाट बघतच गेली. मग तोच प्रश्न मी विचारू लागले...

नोकरी सुटल्यावर, मागच्या हिवाळ्यात तो आला. एरवी त्याची पिशवी कधी पुरती उपसलीच जायची नाही. ह्या खेपेला कपडे काढून त्यानं कपाटात रचले. पंधरा दिवस राहिला. जाताना मी ते भरायला घेतले, तर म्हणाला, "राहू दे गं अक्का. डॉक्टरला दावून आलोच."

दोन सदरे, एक पायजमा. ऊन बघून वाळत घालते, घडी करते, परत तिथंच ठेवते. माझी लुगडी बाहेर दोरीवर असतात. तो कप्पा मी कशालाच देत नाही.