हातात किती?

ताई समोरच्याच्या नाकाखाली उजवा तळहात उघडा धरायच्या आणि विचारायच्या, "ते सोड. हातात किती?"

नव्या नोकरीचे पेढे घेऊन कुणी स्टाफरूममध्ये आला की आम्ही अभिनंदन करायचो. ताई पेढा डाव्या हाताने घ्यायच्या, कारण उजवा विचारण्यात गुंतलेला असे. माझ्या बहिणीला पुण्याचं स्थळ आलं, तेव्हा मुलाचं वर्षाचं पॅकेज मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. "पॅकेजवर भाजी भेटते का? हातात किती येते ते विचारजो," ताई म्हणाल्या. मी विचारलं. स्थळ तेच राहिलं, तोरा तेवढा गेला.

सेलूच्या रस्त्यावर आमचं खासगी तंत्रनिकेतन. ताई रसायनशास्त्र शिकवत, मी गणित. सिंदी मेघेला आमच्या खोल्या शेजारी, म्हणून जाणं-येणं एकाच बसने. ताई मूळच्या हिंगणीच्या, घरी गोंडी बोलणाऱ्या. वडील पूर्वी जंगलात मजुरीला जायचे. हजेरीपटावर अंगठा पूर्ण मजुरीचा, मिळायची त्याहून कमी. संध्याकाळी ते दारात उभे राहून आईला तळहात उघडून दाखवायचे, एवढंच आलं म्हणून. ताईंचा तो हात तिथून आला होता. हे त्यांनी मला बसमध्ये एकदाच सांगितलं आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागल्या. आता वडील थकलेले, धाकटी बहीण नर्सिंगला, आणि सगळं घर ताईंच्या पगारावर.

तर त्या पगाराची आमच्याकडची रीत सांगते. अशा कॉलेजात तुम्ही असाल तर ओळखालच. पगार कागदावर नियमाप्रमाणे भरगच्च, बँकेतही तेवढाच जमा. मग दोन-चार दिवसांत त्यातला जवळजवळ अर्धा काढून, पांढऱ्या पाकिटात घालून, संस्थेच्या सचिवांच्या टेबलावर ठेवून यायचा. स्टाफरूममध्ये याला 'ओवाळणी' म्हणत. हसून म्हटलं की लाज कमी वाटते. मला त्या शब्दाचा अजून संताप येतो.

जानेवारीत वर्ध्याहून करसल्लागार यायचे. भला माणूस. प्रत्येकाचं वर्षाचं उत्पन्न मांडायचं, टॅक्सचा अंदाज काढायचा आणि उरलेला टॅक्स फेब्रुवारीच्या पगारातून कापायचा. अंदाज अर्थातच कागदावरच्या पगारावर. म्हणजे जो पैसा पाकिटातून परत गेला, त्याचाही टॅक्स आम्हीच भरायचा, आणि फेब्रुवारीतही पाकीट चुकायचं नाही. मग कुणी भावाकडून घरभाड्याच्या खोट्या पावत्या आणी, कुणी रडतखडत पॉलिसी काढी.

त्या वर्षी ताईंच्या मागेच माझा नंबर होता.

"मॅडम, जुनी पद्धत की नवी?" सल्लागारांनी विचारलं.

"सर, हा हिशोब कोणत्या पगारावर करून राह्यले?"

"वर्षभरात खात्यात आला त्यावर."

"अन् खात्यातून वापस गेला तो कुठं लिहू?"

सल्लागारांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. "तसा रकाना नाही, मॅडम. असं करा, भाड्याच्या पावत्या जोडा, एखादी पॉलिसी घ्या. टॅक्स वाचेल."

"मले टॅक्स नाई वाचवायचा, सर. पूर्ण कापा."

आणि खरोखरच एकही वजावट न दाखवता त्यांनी सही केली. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मीसुद्धा बसमध्ये म्हटलं, "ताई, डोकं फिरलं का?" त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. चार दाणे माझ्या हातावर ठेवले.

फेब्रुवारीचा पगार झाला. सगळ्यांची पाकिटं गेली, ताईंचं गेलं नाही. सचिवांनी बोलावून घेतलं. दार उघडंच होतं आणि आम्ही सगळे अचानक व्हरांड्यातली नोटीस वाचायला लागलो.

"मॅडम, तुमचं पाकीट राह्यलं."

"राह्यलं नाई, सर. बंद झालं."

"काऊन?"

"मले एवढा पगार भेटते, असं आपण सरकारले लिहून देल्लं. टॅक्स कापला, खाली तुमची सही आहे. आता मी कमी घेतला तं आपण दोघंबी खोटे पडतो. मले नाई जमत. तुमचं तुम्ही पाहा."

मग सचिव हळू म्हणाले, "नोकरीचा विचार करा. घर तुमच्याच भरवशावर आहे म्हणतात."

"म्हणूनच तं," ताई म्हणाल्या.

त्यानंतर त्यांचे तास काढून घेतले आणि त्यांना प्रयोगशाळेच्या भांडारात बाटल्या मोजायला बसवलं. त्यांनी त्या मोजल्या, वर धुऊन चकचकीत मांडल्या. पगार मात्र पूर्ण येत राहिला आणि पूर्ण राहिला. बहिणीच्या शेवटच्या वर्षाची फी त्यातूनच गेली. जूनमध्ये पत्र आलं, आता आपली आवश्यकता नाही. निरोप समारंभ करायचा नाही असं वरून सांगितलं होतं. ताई स्टाफरूममध्ये आल्या, एकेकासमोर तळहात धरत गेल्या. "हातात किती?" जो तो वह्या तपासायला लागला. माझ्यासमोर आल्या तेव्हा मला रडू आलं.

आता त्या सेलूला शिकवण्या घेतात. फोनवर मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. म्हणाल्या, "थोडेच येते. पण आलेले वापस जात नाई."

यंदाच्या जानेवारीत सल्लागार हसतच आले. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा वाढली, तुम्हा बहुतेकांना या वर्षी टॅक्स शून्य. स्टाफने टाळ्या वाजवल्या, समोसे मागवले. टॅक्स शून्य झाला, ओवाळणी होती तेवढीच. मी समोसा तसाच बशीत ठेवला.

पगार झाल्यावर मी सचिवांच्या खोलीत गेले. ते नेहमीप्रमाणे कागदात बघत म्हणाले, "ठेवा."

मी टेबलावर उजवा हात ठेवला, उघडा. त्यात काही नव्हतं. त्यांनी मान वर केली. मी हात मागे घेतला नाही.