परदेशी कंपनीचं कार्ड

देवानंदच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. भातलावणीच्या चिखलात त्याचा पाय टिकत नसे. बारावीनंतर अपंगांच्या कोट्यातून त्याला एसटीडी बूथ मिळाला आणि त्यानं तो खोडाळ्याच्या बाजारात, स्टँडजवळ थाटला.

दिवाळीनंतर आसपासचे पाडे रिकामे होत. धडधाकट माणसं भिवंडी, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर जात, मागे म्हातारी माणसं राहत. ती बाजाराच्या दिवशी बूथवर येऊन बसत आणि भट्टीवरून फोन येण्याची वाट बघत. कुणाला मुलगा झाला, कोण आजारी पडलं, हे घरच्यांच्या आधी देवानंदला कळायचं.

सूर्यमाळची माघी त्यातलीच. तिचा मुलगा काळ्या भट्टीवर होता. माघीला कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे रिसीव्हर देवानंद धरायचा आणि तिच्या कानाशी ओरडून सांगायचा. काळ्या म्हणायचा, काम चाललंय, होळीला येतो, ठेवतो. देवानंद तिला सांगायचा, काळ्या विचारतोय जेवलीस का, गुडघा कसा आहे, पाणी आणायला लांब जाऊ नको. माघी हसून उत्तरं द्यायची. तोवर फोन कधीच बंद झालेला असायचा.

मोबाइल आले तसे बूथवरचे बाक रिकामे होऊ लागले. २००९ साल उजाडेपर्यंत खोडाळ्यात चार कंपन्यांच्या पाट्या होत्या. त्यात एक परदेशी कंपनी नव्यानं उतरली. भोंगा लावलेली जीप बाजारात फिरली, टोप्या वाटल्या गेल्या, भिंती एका रात्रीत निळ्या झाल्या. कंपनीच्या देशाचं नाव कुणालाच नीट म्हणता येईना. या सिमकार्डावरून बोललेलं आधी त्या देशात जातं का, असंही एकानं विचारलं.

कंपनीची जव्हारची एजन्सी धर्मेंद्र बघायचा. कार्डं विकायला ठेवा, असं तो देवानंदला सांगायला आला. आपल्याच बूथवर आपलाच धंदा बुडवणारी पाटी कशी लावू, असं देवानंदनं विचारलं. धर्मेंद्र सरळ माणूस होता.

"तुम्ही नाही लावली तर समोरचा किराणावाला लावेल," तो म्हणाला. "बूथ तर कसाही जाणारच आहे."

देवानंदनं आठवडाभर विचार केला आणि पाटी लावली. सेकंदाप्रमाणे आकार असल्यामुळे कार्डं भराभर खपली. मात्र टॉवर खोडाळ्यापुरताच होता, सूर्यमाळला रेंज नव्हती. घेणाऱ्या प्रत्येकाला देवानंद हे आधी सांगायचा. तरीही लोक घ्यायचे, कारण बाजाराला तर ते येतच होते.

भट्टीवरून परतलेल्या जिवा नावाच्या सोबत्याबरोबर काळ्यानं आईसाठी मोठ्या आवाजाचा चायना फोन धाडला. देवानंदनं त्यात नव्या कंपनीचं कार्ड घातलं. बाजाराच्या दिवशी फोन वाजला तेव्हा त्यानं स्पीकर लावला. काळ्याचा आवाज माघीला फोनवर पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आला. काम चाललंय. होळीला येतो. ठेवतो.

माघी फोनकडे बघत राहिली.

"देवा, ह्यो तर काहीच इचारत नाय," ती म्हणाली. "जेवलीस का, गुडघा कसा हाय, ते कोण इचारायचं?"

देवानंदला खोटं बोलवेना. "मीच, मावशी."

ती रागावली असावी असं त्याला वाटलं. मग तिनं फोन कमरेला खोचला आणि ती मिरच्या घ्यायला गेली. त्या दिवशी देवानंदला जेवण गेलं नाही.

पुढच्या बाजाराला ती पुन्हा आली. फोन आल्यावर काळ्याच्या आधी तीच बोलली. "काळ्या, मला इचार." काय विचारू, असं त्यानं म्हटलं. "जेवली का ते इचार." मग काळ्यानं विचारलं, आणि माघीनं काय खाल्लं ते सगळं सांगितलं.

होळीला काळ्या गावी आला तो आईला घेऊन थेट देवानंदच्या बूथवर. माघी बाहेर ओळखीच्या बाईशी बोलत थांबली. काळ्या आत येऊन बाकावर बसला.

"माझ्या नावानं तू आईला काय काय सांगायचास?" त्यानं विचारलं.

देवानंदनं आठवेल तेवढं सांगितलं. काळ्या खाली बघून ऐकत होता.

"मुकादम मागं उभा असतो," तो शेवटी म्हणाला. "भट्टीवर तेवढंच बोलता येतं."

इतकी वर्षं फोन धरून हे आपल्या कधी ध्यानात आलं नाही, याचं देवानंदला वाईट वाटलं. आईला हे सांग, असं तो म्हणाला. काळ्या म्हणाला, तूच सांग.

"नाही," देवानंद म्हणाला. "ती बाहेरच आहे. जा."

काळ्या उठून गेला. बूथच्या पायरीवर बसून दोघं मायलेकरं बोलत होती, काळ्या तिच्या कानाशी वाकून. काय बोलत होती ते बाजाराच्या गलक्यात देवानंदला ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात साखरशेतचा एक जण नवं कार्ड मागायला आला आणि देवानंद त्याला कुठल्या कंपनीची रेंज त्याच्याकडे मिळेल ते समजावू लागला.