आत येता का जरा?

कर्वेनगरच्या हाडांच्या दवाखान्यात एक अनोळखी बाई माझ्या शेजारी बसली होती. पन्नाशीची असावी. पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढला होता आणि त्याच्या मुळाशी हाड गाठीसारखं बाहेर आलं होतं. बोलता बोलता ती हाताचा अंगठा वाकवून थेट मनगटाला लावायची.

"जन्मापासून सगळे सांधे असेच सैल. शाळेत मुली टाळ्या वाजवायच्या," ती म्हणाली.

पायाचं ऑपरेशन एकदा झालं होतं, पण सांधे धरून ठेवणारे बंधच ढिले, त्यामुळे हाड पुन्हा सरकलं. नंबर लागल्यावर ती उठली, घुटमळली. "अहो, आत येता का जरा माझ्याबरोबर?"

मी गेले.

डॉक्टर म्हणाले, "नुसतं हाड कापून सरळ केलं तर ते परत सरकू शकतं. त्यापेक्षा पावलातला सैल सांधाच स्क्रूने कायमचा जोडून टाकू. मात्र नंतर काही आठवडे पाय टेकायचा नाही. घरी कोण असतं?"

"या आहेत ना," ती माझ्याकडे बघत म्हणाली. मी मान डोलावली.

बाहेर आल्यावर ती हसली. "घाबरू नका, तुम्हाला नाही बोलावणार. बाई ठेवीन. मागच्या वेळी सगळं एकटीने ऐकलं होतं. या वेळी ऐकताना शेजारी कोणीतरी हवं होतं."

रिक्षात बसून ती वारज्याला गेली. मी परत येऊन माझ्या नंबराची वाट बघत बसले. माझ्याही सोबत कोणी आलं नव्हतं.