चिमटीतला खडा

पेणला गणपतीच्या कारखान्यात माझं काम शाडू मळायचं. माती चिमटीत घेत जायचं, खडा लागला की काढून टाकायचा. एखादा राहिला तर वाळताना मूर्ती तिथेच तडकते, मग मालकाची बोलणी. त्यामुळे खडा शोधायची सवय बोटांत मुरलेली.

आरोग्य केंद्राच्या आशाताईने बायकांना जमवून सांगितलं, पाळी संपली की आपली छाती आपणच तपासा, गाठ लागते का बघा. मी बघितली. लागली! एक नाय, डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे खडेच खडे. अगो बाई, एवढ्या गाठी घेऊन मी जिवंत कशी? दुसऱ्या दिवशी चाचपलं तर त्यांच्या जागा बदललेल्या. डोक्याचा पार भुगा झाला. नवऱ्याला काय सांगणार, कप्पाळ!

शेवटी रोह्याला ताईकडे गेले. सख्खी मोठी बहीण, तोंडाने फटकळ. दार लावून तिला दाखवलं तर हसतच सुटली.

"येडी का गो तू? असं चिमटीत धरलंस तर कुणालाही गाठच लागेल. बोटं सपाट ठेव नि गोल फिरव."

तशी फिरवली. काहीच नाय. मग सकाळपर्यंत होतं ते गेलं कुठं? माझा माझ्याच हातांवरचा विश्वास उडाला.

"तुझी बघू दे," मी म्हटलं. "चांगली असते ती कशी लागते, ते तरी कळेल. तू बघतेस का कधी?"

"मला काय धाड भरलीय?" म्हणत ती हसत समोर बसली.

सपाट बोटं फिरवत गेले. काखेच्या अंगाला एका जागी थांबले. दुसऱ्या बाजूला बघितलं, तिथे तसं नव्हतं. परत आले. ते तिथेच. दाबलं तरी सरकेना. दुखतं का विचारलं, तर नाय म्हणाली. पण आत्ताच तर याच बोटांनी मला फसवलं होतं. आता त्यांचं खरं मानायचं की नाय, काही सुचेना.

"काय गो, लागला का खडा?" तिचं हसू चालूच.

"मला नाय समजत, ताई. उद्या डॉक्टरकडे जाऊया का?"

माझा चेहरा बघून ती एकदम मऊ झाली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"घाबरतेस काय गो एवढी? तुला काय नाय झालेलं. येते मी तुझ्यासोबत."