बाकीचं उद्या

रेडिओवर बातम्या वाचायला लागले तेव्हा लोक विचारायचे, आवाज कुठे कमावला? बडनेऱ्याच्या ओट्यावर, असं म्हटलं की त्यांना थट्टा वाटायची. मी पुढे काही सांगत नसे. सांगण्यासारखं माझ्याकडे फार कौतुकाचं नव्हतं.

वडील स्टेशनवर हमाल होते. प्रवाशांनी डब्यात टाकून दिलेला पेपर ते दुपारी घरी आणायचे. मी पंधरा-सोळाची, पायाला भिंगरी. तो पेपर पाणी भरताना, चुलीपुढे, उभ्याउभ्या वाचून काढायची. संध्याकाळी वस्तीतल्या बाया ओट्यासमोर जमायच्या आणि मी तो मोठ्याने वाचायची. आम्ही बौद्ध झालो त्याला चार-पाच वर्षं झाली होती. शिकणाऱ्या पोरीचा भाव वस्तीत भलताच वधारला होता, आणि तो माझ्या डोक्यात गेला होता.

खरं सांगायचं तर सरळ वाचायचा मला कंटाळा यायचा. ऐकणाऱ्यांचा श्वास अडकला की मजा वाटायची. म्हणून ऐन रंगात आलेली बातमी मी मध्येच तोडायची, पेपरची घडी घालायची आणि म्हणायची, "बाकीचं उद्या." बाया शिव्या घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोघींना घेऊन यायच्या.

एका हिवाळ्यात असंच केलं. "अकोल्यात जिनिंगच्या कारखान्याला आग! कापसाच्या गंज्या पेटल्या, ज्वाळा लांबून दिसत होत्या..." आणि थांबले.

समोर बसलेली शेजारची वैनी म्हणाली, "मंग? माणसं?"

"उद्या," म्हणत मी घरात गेले.

माय भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तिचा नवरा दिवाळीपासून अकोल्याले जिनिंगमधीच तं हाये. ठाऊक नाई तुले?"

ठाऊक होतं. वाचायच्या तोऱ्यात ध्यानातून गेलं होतं. आणि पुढची ओळही मी दुपारीच वाचली होती: सगळे कामगार सुखरूप आहेत. पेपर घेऊन तिच्या दारात गेले तर दाराला बाहेरून कडी. तशीच स्टेशनवर पळत सुटले. अकोल्याकडची पॅसेंजर फलाट सोडत होती. डब्याच्या दारात ती उभी होती, कडेवर पोर. मी गाडीबरोबर धावत ओरडले, "सगळे वाचले! वैनी, सगळे वाचले!" शिट्टीच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढचे दोन दिवस मी घर ते स्टेशन, स्टेशन ते घर करत होते. वडिलांनी आणलेल्या पेपरला हात लावला नाही. बाया येऊन परत गेल्या. स्वतःची इतकी चीड मला त्यानंतर कधी आली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती परतली. नवरा धडधाकट होता. आग लागली ती जिनिंगही त्याची नव्हती. ती सरळ आमच्या ओट्यावर आली, तेव्हा मी तोच पेपर तिच्यापुढे धरला. "वैनी, हे पाहा, इथं खाली लिहिलं होतं..."

"मले काय समजते त्यातलं?" तिने पिशवीतून कोरी पाटी काढली. अकोल्याहून आणली होती. ती माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "मले वाचाले शिकव. आता तुह्या भरोशावर नाई राहत."